आधी कोठार, मग संकेतस्थळ

१९९९ च्या नाताळात 'टॉइज आर अस' या अमेरिकेतल्या बलाढ्य खेळणी-विक्रेत्या कंपनीची झालेली फजिती इंटरनेट-व्यापाराच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते, पण तिचा अर्थ बहुधा चुकीचा लावला जातो. कंपनीने त्या वर्षी जाहिरातींचा धडाका लावून ग्राहकांना आपल्या संकेतस्थळावर बोलावले. ग्राहक आले, ऑर्डरी नोंदल्या गेल्या, आणि सण अगदी तोंडावर आला असताना कित्येक घरांत ई-मेल गेली की तुमची खेळणी वेळेत पोचणार नाहीत. माल वेळेवर न पाठवता आणि उशिराची नीट सूचना न देता विक्री केल्याबद्दल अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने पुढच्या जुलैत या कंपनीसह सात विक्रेत्यांना मिळून १५ लाख डॉलरचा दंड ठोठावला. जुनी कंपनी नव्या तंत्रज्ञानापुढे बुजली, असे यावर म्हटले जाते. वस्तुस्थिती उलट होती. संकेतस्थळ, कार्डावरचे पैसे, ऑर्डरीची नोंद हा सगळा नवा भाग बऱ्यापैकी चालला होता. खेळणीही गोदामात होती. अडले ते बांधाबांधीत. दुकानांना ट्रक भरभरून माल धाडण्यात ज्या कंपनीची हयात गेली, तिला एक बाहुली एका खोक्यात घालून एका पत्त्यावर रवाना करणे, आणि तेही लाखो वेळा, जमले नाही.

इंटरनेटशी जुळवून घेणे म्हणजे संकेतस्थळ काढणे, हा समज तेव्हाही होता आणि आजही गेलेला नाही. माझे म्हणणे असे, की १९९५ ते २००५ या दशकात कोण तरले आणि कोण बुडाले याचा निकाल संकेतस्थळ सुरू होण्याच्या कितीतरी आधी लागलेला होता. मालाची मोजदाद चोख आहे का, प्रत ठरलेली आहे का, शिल्लक किती ते एका जागी कळते का, आणि मधल्या माणसांना कशाचे पैसे मिळतात, या चार प्रश्नांची उत्तरे ज्यांच्याकडे तयार होती त्यांना इंटरनेट ही शेवटची, आणि त्या मानाने सोपी, पायरी ठरली. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांची अव्यवस्था संकेतस्थळाने चारचौघांत उघडी पाडली.

याचा सर्वांत स्वच्छ दाखला आपल्याच मुंबईत आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दलाल स्ट्रीटवर शेअर खरेदी करणे म्हणजे कागद खरेदी करणे होते. रिंगणात आरडाओरडा करून सौदा व्हायचा, भाव नक्की कितीला पडला हे ग्राहकाला दलालाच्या शब्दावर मानावे लागे, आणि मग प्रमाणपत्रांचा प्रवास सुरू होई. सही जुळली नाही की 'बॅड डिलिव्हरी'. कागद टपालात गहाळ, कधी चोरीचा, कधी चक्क बनावट. नावावर चढायला महिनोन् महिने लागत. १८७५ पासून चालत आलेल्या मुंबई शेअर बाजाराला यात बदल करण्याची घाई नव्हती, कारण ही धूसरता दलालांच्या पथ्यावर पडणारी होती. १९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतर चित्र पालटले. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने नोव्हेंबर १९९४ मध्ये शेअरांचे व्यवहार थेट संगणकाच्या पडद्यावर सुरू केले. शहरोशहरी दलालांच्या गच्च्यांवर उपग्रहाच्या तबकड्या बसल्या, आणि साधारण वर्षभरातच या नवख्या बाजाराची उलाढाल एकशेवीस वर्षांच्या जुन्या बाजाराच्या पुढे गेली. मुंबई शेअर बाजारालाही १९९५ मध्ये 'बोल्ट' ही पडद्यावरची प्रणाली आणावी लागली. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला, त्याच वर्षी शेअरांची मालकी संगणकावर नोंदवणारी एनएसडीएल ही संस्था उभी राहिली, आणि १९९९ पासून निवडक शेअरांपासून सुरुवात करत डिमॅटची, म्हणजे कागदाऐवजी अशा नोंदीची, सक्ती सामान्य गुंतवणूकदारांनाही होत गेली. कागद संपला.

आता यातले वर्ष पाहा. 'सेबी'ने इंटरनेटवरून शेअर-व्यवहारांना परवानगी दिली ती २००० च्या सुरुवातीला. म्हणजे भाव जुळवणे, मालकीची नोंद, हस्तांतरण हे सगळे इंटरनेटचा प्रश्न येण्याआधीच निकालात निघाले होते. घरातला संगणक त्या साखळीला जोडणे एवढेच उरले होते. त्या वर्षी मुंबईतल्या दलाली संस्था आणि बँका पटापट इंटरनेटवर उतरल्या, याचे श्रेय त्यांच्या संकेतस्थळांना देणे म्हणजे पाया खणणाऱ्याला विसरून रंगाऱ्याचे कौतुक करणे. कागदी प्रमाणपत्रे कायम ठेवून कोणी १९९५ मध्ये इंटरनेटवरून शेअर विकायला काढले असते, तर सौदा क्षणात झाला असता आणि बनावट कागद तितक्याच वेगाने हातात पडले असते.

रेल्वेचे आरक्षण हा दुसरा दाखला. त्यात काळ अधिक लांब आहे आणि म्हणून धडाही अधिक स्पष्ट आहे. पूर्वी गाडीगणिक रजिस्टरे असत, त्यांत बर्थची नोंद हाताने होई, आणि अमुक गाडीच्या तिकिटासाठी अमुकच खिडकीसमोर उभे राहावे लागे. परतीचे आरक्षण दुसऱ्या शहरातून हवे असेल तर तार करून वाट पाहायची. दिल्लीत १९८५ मध्ये संगणकीय आरक्षणाचा पहिला प्रयोग झाला. मग एकेका शहरात ती व्यवस्था गेली. तरी मुंबईचा संगणक आणि कोलकात्याचा संगणक एकमेकांशी बोलत नव्हते. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे जोडण्याचे काम पूर्ण व्हायला एप्रिल १९९९ उजाडले. आता कुठल्याही खिडकीवरून कुठल्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकीट विकायला सुरुवात केली तेव्हा प्रत्यक्षात काय घडले? अगोदरच देशभर पसरलेल्या हजारो खिडक्यांत आणखी एक भर पडली, इतकेच. गंमत म्हणजे पहिली तीन वर्षे हे तिकीट घरी कुरिअरने येत असे. नोंदणी विजेच्या वेगाने, आणि तिकीट मात्र सायकलवरून. घरी छापून घेता येणारे ई-तिकीट २००५ मध्ये आले. संकेतस्थळ तर त्यानंतरही कित्येक वर्षे सकाळच्या गर्दीत मान टाकायचे. २०१४ मध्ये त्याची क्षमता मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० वर नेली गेली. तरीही लोक त्यावरच परत परत जात राहिले. दर्शनी भाग इतका कुरकुरणारा असूनही आतली नोंद खरी होती: तुम्हाला मिळालेला बर्थ दुसऱ्या कोणाला दिलेला नसे.

रेल्वेला प्रतिस्पर्धीच नाही, मग तिच्या यशावरून काय सिद्ध होणार, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे, पण तो फक्त ग्राहक का टिकले एवढेच सांगतो. मक्तेदारी असलेल्या सरकारी सेवा आपल्याकडे काही कमी नव्हत्या. त्यांतल्या किती सेवा २००२ मध्ये देशभरातून एका जागी, भरवशाने विकत घेता येत होत्या? मक्तेदारीमुळे ग्राहक दारात थांबतो; शिल्लक बर्थचा अचूक आकडा तिच्यामुळे तयार होत नाही. शेअर बाजारात तर मक्तेदारी मोडल्यामुळेच सुधारणा झाली. म्हणजे दोन उलट परिस्थितींत कारण एकच निघते.

मोकळ्या स्पर्धेतली जोडगोळी हवी असेल तर वाणसामानाकडे वळावे. कॅलिफोर्नियातली 'वेबव्हॅन' १९९९ मध्ये सुरू झाली. तिचा संस्थापक लुई बॉर्डर्स. हाच माणूस पूर्वी 'बॉर्डर्स' या पुस्तक-दुकानांच्या साखळीचा सहसंस्थापक होता, म्हणजे किरकोळ व्यापारात नवखा नव्हता. दुकाने हा खर्च वाया जातो, तो टाळून प्रचंड स्वयंचलित गोदामे बांधायची आणि तिथून अर्ध्या तासाच्या ठरलेल्या वेळेत घरपोच माल द्यायचा, अशी कल्पना. ओकलंडला पहिले गोदाम चालू झाले न झाले तोच कंपनीने बांधकाम क्षेत्रातल्या 'बेक्टेल'शी अशी २६ गोदामे बांधण्याचा सुमारे १०० कोटी डॉलरचा करार केला. पहिलेच गोदाम पुरेशा ऑर्डरी नसल्याने भरभरून चालत नव्हते. जुलै २००१ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये 'टेस्को' जे करत होती ते पाहून इंटरनेटच्या भक्तांना हसू येत असे. संकेतस्थळावर ऑर्डर आली की टेस्कोचा माणूस आपल्याच जवळच्या दुकानात ट्रॉली घेऊन फिरायचा, फडताळावरून वस्तू उचलायचा आणि व्हॅनमध्ये भरायचा. घरपोच देण्याचे पाच पौंड ग्राहकाकडून घ्यायचे. यंत्रमानव नाहीत, नवी गोदामे नाहीत. पण टेस्कोला कुठल्या दुकानात काय आणि किती आहे हे ठाऊक होते, ते दुकान लोकांच्या घराजवळ होते आणि इंटरनेटवरून ऑर्डरी कमी आल्या तरी ते बंद पडणार नव्हते. काही काळ तो जगातला सर्वांत मोठा इंटरनेट किराणा व्यापार ठरला.

यावर खरा खणखणीत आक्षेप म्हणजे ॲमेझॉन. तिच्यामागे ना जुने दुकान होते, ना शंभर वर्षांची नोंद. १९९५ च्या जुलैत सुरू झालेली ती कंपनी तरली, मग पूर्वतयारीचा सिद्धान्त कुठे राहिला? पण ॲमेझॉनने सुरुवात पुस्तकांनीच का केली, हे विचारून पाहा. पुस्तक ही तेव्हा जगातली सर्वांत चोख नोंदलेली वस्तू होती. १९७० पासून प्रत्येक आवृत्तीला आयएसबीएन क्रमांक मिळत होता, प्रकाशित पुस्तकांच्या याद्या संगणकावर तयार होत्या. सिएटलला दुकान थाटण्याचे एक कारण असे, की 'इन्ग्रॅम' या मोठ्या घाऊक वितरकाचे ओरेगनमधले गोदाम तिथून फार लांब नव्हते. ग्राहकाने ऑर्डर दिली की ॲमेझॉन वितरकाकडून पुस्तक मागवायची आणि पुढे धाडायची. म्हणजे कोठार तयारच होते, फक्त ते दुसऱ्याचे होते. पुढे कंपनीने स्वतःची गोदामे बांधायला घेतली तेव्हा मात्र तोट्याचे डोंगर उभे राहिले, आणि पहिला तिमाही नफा, तोही अवघा ५० लाख डॉलर, दिसायला २००१ चे अखेर उजाडले. तोवर तिने जे कमावले ते गोदामाचे शास्त्र. म्हणूनच नाताळातल्या फजितीनंतर २००० च्या ऑगस्टमध्ये 'टॉइज आर अस'ने तिच्याशीच दहा वर्षांचा करार केला: खेळणी निवडायची आणि विकत घ्यायची आम्ही, ठेवायची आणि पोचवायची तुम्ही. पुढच्या वर्षी 'बॉर्डर्स'नेही आपला इंटरनेट-व्यापार ॲमेझॉनच्या हवाली केला. या दोघांनी आपली सर्वांत दुबळी बाजू सुधारण्याऐवजी भाड्याने घेतली. खेळण्यांचा करार कोर्टकचेरीत मोडला, आणि पुस्तकांची साखळी २०११ मध्ये बुडाली. आयता पाया मिळतो, पण तो ज्याचा असतो त्याचाच राहतो, हे दोघांनाही उशिरा कळले.

चार प्रश्नांतला शेवटचा, मधल्या माणसांचा, प्रश्न सर्वांत अवघड, कारण तो पैसे ओतून सुटत नाही. 'लिव्हाइस'ने १९९८ मध्ये जीन्स स्वतःच्या संकेतस्थळावर विकायला काढल्या आणि मोठ्या दुकानांना इंटरनेटवर त्या विकायला बंदी केली. दुकाने नाराज झाली, संकेतस्थळ चालवणे परवडेना, आणि वर्षभरातच कंपनीने विक्री गुंडाळून ती दुकानांकडे परत सोपवली. १९९९ मध्ये 'होम डेपो'ने तर आपल्या पुरवठादारांना सरळ पत्र धाडले, की तुम्ही ग्राहकाला थेट विकू लागलात तर तुम्ही आमचे प्रतिस्पर्धी. इंटरनेट मध्यस्थाला नाहीसे करणार, ही त्या काळातली लाडकी भविष्यवाणी. पण ज्या कंपनीचा नव्वद-पंच्याण्णव टक्के माल मध्यस्थामार्फत जातो, तिने तो उडवायचा म्हणजे आधी स्वतः उपाशी राहायचे. अमेरिकन शेअर-दलालीत याचा निकाल कसा लागला ते पाहण्यासारखे आहे. 'चार्ल्स श्वाब'ने १९९८ च्या जानेवारीत सर्व ग्राहकांसाठी इंटरनेटवरच्या सौद्याची दलाली २९.९५ डॉलरवर आणली. जुन्या दराच्या निम्म्याहून कमी. उत्पन्न घटणार हे दिसताच तिचा शेअर कोसळला, पण वर्ष संपता संपता तिचे बाजारमूल्य 'मेरिल लिंच'च्या पुढे गेले. मेरिलची मंडळी काही तंत्रज्ञानात अडाणी नव्हती. मात्र तिच्याकडे दलालीवर पोट असणारे सुमारे पंधरा हजार सल्लागार होते. श्वाबच्या माणसांना पगार मिळे. दर उतरवला तर मेरिलची आपलीच फौज बंड करणार होती. म्हणून तिने आधी इंटरनेट गुंतवणूकदाराला घातक असल्याचा प्रचार केला आणि १९९९ च्या जूनमध्ये मुकाट्याने त्याच २९.९५ डॉलरची घोषणा केली. पगार की दलाली, हा हिशेबाच्या वहीतला जुना निर्णय इंटरनेट येण्याच्या वीस वर्षे आधी घेतला गेला होता.

भारतात हे सगळे लागू होत नाही, इथे अपयशाचे कारण साधे आहे, लोकांकडे ना इंटरनेट होते ना कार्ड, असेही ऐकायला मिळते. यात तथ्य आहेच. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुले केले तेव्हा चित्रे दिसणारी जोडणी घ्यायची तर वर्षाला १५ हजार रुपये मोजावे लागत, आणि तीही २५० तासांसाठी. खासगी कंपन्यांना हा धंदा १९९८ च्या अखेरीस खुला झाला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या ऑक्टोबरमध्ये लागू झाला, तोवर इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्यात नीट स्थानच नव्हते. पण कार्ड नसणे ही अडचण खरोखर इतकी अभेद्य होती का? मराठी वाचकाला व्हीपीपी नवी नाही. पुस्तके, दिवाळी अंक, औषधे पिढ्यान् पिढ्या अशीच आली: पोस्टमनच्या हातात पैसे ठेवा आणि पुडके घ्या. अनोळखी दुकानदारावर विश्वास कसा ठेवायचा या प्रश्नाला टपाल खात्याने ब्रिटिश अमदानीतच दिलेले ते उत्तर होते. १९९९-२००० च्या लाटेतल्या आपल्या बहुतेक कंपन्या अमेरिकेकडे पाहत कार्डाची वाट बघत बसल्या. फ्लिपकार्टने २०१० मध्ये 'कॅश ऑन डिलिव्हरी' आणली आणि धंद्याने वेग घेतला. अर्थात रोख घेणे फुकट नसते: माल परत येतो, पैसे जमा करायला माणूस लागतो, हिशेब लांबतो. ते पेलायचे तर स्वतःची पोचवणारी माणसे हवीत, म्हणजे पुन्हा गोष्ट गोदामाशी आणि रस्त्याशी येऊन थांबते.

शेतमालाचा बाजार ही या म्हणण्याची सर्वांत कडक परीक्षा, कारण शेतमालाला आयएसबीएन क्रमांक नसतो. आयटीसीने २००० च्या जूनमध्ये मध्य प्रदेशातल्या सोयाबीन पट्ट्यात ई-चौपाल सुरू केले. पुढे ते महाराष्ट्रासह इतर राज्यांतही गेले. गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरी संगणक, गच्चीवर तबकडी, विजेचा भरवसा नाही म्हणून सौरपट्ट्या. या शेतकऱ्याला संचालक म्हणत. आयटीसीचा भाव तिथे आदल्या दिवशीच कळायचा. वर्तमानपत्रांना संगणकासमोर बसलेल्या शेतकऱ्याचे छायाचित्र फार आवडले. परंतु शेतकरी माल घेऊन तिथे गेला त्याची कारणे खरेदी केंद्रावर होती: ओलावा यंत्राने मोजला जाई, वजन विजेच्या काट्यावर होई, पैसे वेळेत मिळत, वाहतुकीचा खर्चही धरला जाई. मंडईत तोलाईत घट सोसून, तासन् तास थांबून दमलेल्या माणसाला हे पुरेसे होते. आणि आडत्यांना आयटीसीने हाकलले नाही. काहींना संयोजक म्हणून कामात घेतले, कारण रोख रक्कम, वाहतूक आणि गावोगावची ओळख त्यांच्याकडेच होती.

सरकारने १४ एप्रिल २०१६ रोजी आठ राज्यांतल्या २१ बाजार समित्या जोडून ई-नाम सुरू केले, तेव्हा मात्र क्रम उलटा झाला. पडदा आधी आला. समित्यांची संख्या शेकड्यांनी वाढली, नोंदणी वाढली, पण एका बाजारातला माल दुसऱ्या राज्यातल्या व्यापाऱ्याने न पाहता विकत घेणे, ज्यासाठी हा खटाटोप होता, ते प्रमाण फारच थोडे राहिले. व्यापारी जुन्या विचारांचे आहेत म्हणून असे झाले, हे मला पटत नाही. याच वृत्तीचे लोक शेअर बाजारात पडद्यावर लवकरच सरावले. सोयाबीनचा ओलावा यंत्र सांगते. लासलगावच्या उन्हाळ कांद्याबाबत व्यापारी ट्रॉलीवर चढून, हाताने दाबून, पापुद्रा पाहून बोली करतो. तो कांदा तीन महिने टिकेल का, ढिगात गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, किती मिसळली आहे, हे सांगणारी मान्य चाचणी बाजार समितीत असायला हवी, ती करणारा प्रशिक्षित माणूस हवा, आणि माल उतरवल्यावर प्रत वेगळी निघाली तर भरपाई कोणी द्यायची याचा नियम हवा. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे उद्घाटन करता येत नाही. पण ते झाले तर लिलाव इंटरनेटवर जायला फार वेळ लागू नये. कागदी प्रमाणपत्रांच्या गोंधळातून घरच्या संगणकावरच्या सौद्यापर्यंत यायला मुंबईच्या शेअर बाजाराला १९९४ ते २००० अशी सहाच वर्षे पुरली होती.